तीन मीटरांचा समुद्र

स्कूबा डायव्हिंग म्हटलं की डोळ्यांपुढे जे चित्र येतं, ते मालवणचं नसतं. निळंशार पाणी, त्यात तिरपी उतरलेली उन्हं, निवांत चाललेलं एक कासव आणि कासवाच्या शेजारी, आपण कॅमेऱ्याकडे बघतोय हे कळू न देता कॅमेऱ्याकडे बघणारा एक सुदृढ माणूस. हे चित्र अंदमानचं असतं, मालदीवचं असतं, गेला बाजार लक्षद्वीपचं. मालवणच्या पाण्याला त्यात शिरायचं तर आधी रंग बदलावा लागेल, कारण ते हिरवं आहे. डिसेंबरातल्या एखाद्या चांगल्या सकाळी त्यात पाच-सात मीटरवरचं दिसतं. वारा फिरला की तीन. आणि समुद्राचं बिनसलं की स्वतःच्या हाताची बोटं मोजतानाही करंगळी विश्वासावर सोडून द्यावी लागते.

तरी ऑक्टोबर उजाडला की मालवण, तारकर्ली, देवबागच्या किनाऱ्यावर रबरी सूट वाळत पडतात, आणि ते पार मेअखेरपर्यंत वाळत नाहीत. एकाने काढला की दुसरा घालतो. या घालणाऱ्यांत दोन जाती आहेत. पहिली जात आयुष्यात एकदा येते, वीस मिनिटं पाण्याखाली जाते, व्हिडिओ घेते आणि घाट चढून घरी जाते. दुसरी जात फार थोडी. ती दर हिवाळ्यात येते, त्याच खडकावर उतरते, तेच मासे बघते आणि परत आल्यावर शेजारी विचारतात, ‘काय दिसलं?’, तेव्हा तिला सांगता येत नाही.

हा प्रश्न मराठी घरांत फार गांभीर्याने विचारला जातो. माणूस खर्च करून लांब गेला म्हणजे त्याने काहीतरी बघून यायला हवं. हंपीला जाऊन आलेल्याला दगडी रथ दाखवता येतो, काश्मीरला जाऊन आलेल्याला बर्फ. मालवणच्या समुद्रात जाऊन आलेला खरं बोलायचं ठरवलं तर म्हणेल, ‘एक खडक. त्याच्या डाव्या बाजूला एक खेकडा होता.’ ‘डावी बाजू’ म्हणताना त्याचे डोळे चमकतात. शेजारी चहा संपवून उठतो.

पाणी असं का, याची कारणं साधी आहेत. कर्ली आणि गड या नद्या सह्याद्रीवरून निघतात आणि येताना हाताला लागेल ती माती घेऊन येतात. ती किनाऱ्याजवळ बसते, आणि जरा लाट आली की उठते. दुसरं कारण जिवंत आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत अरबी समुद्राच्या या काठाला खालचं थंड, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात, त्यांना खायला सूक्ष्म प्राणी येतात, त्यांच्या मागे तारली, मांदेली, बांगडा आणि बांगड्याच्या मागे सुरमई. मासे जिथे खायला मिळतं तिथे राहतात, फोटो चांगले येतात तिथे नाही. ज्या हिरवेपणाला पर्यटक सकाळी नाक मुरडतो, त्याच हिरवेपणावर त्याची दुपारची थाळी उभी असते.

नितळच हवं असेल तर सोय आहे. मालवणपासून पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे. कान्होजी आंग्र्यांचं नाव त्याला आहे, आणि त्याचा सर्वांत उंच माथाही पाण्याखाली वीसेक मीटर आहे. तिथे प्रवाळ आहेत, पाणीही स्वच्छ आहे, फक्त तिथे जायला मोठी बोट, भरपूर पैसे, शांत हवामान आणि न उलटणारं पोट अशा चार गोष्टी एकाच दिवशी जमाव्या लागतात. मालवणच्या खडकावर मात्र बंदरातून होडीने थोड्या वेळात जाता येतं. पोट उलटायचं ठरवेपर्यंत नांगर पडलेला असतो.

पहिल्या जातीचं निरीक्षण करायला डिसेंबरचा शेवटचा आठवडा उत्तम. एकाच कुटुंबातले नऊ जण होडीत बसलेले असतात, आणि त्यांच्यात एक काका असतात. काकांना पोहता येत नाही. ‘येणं गरजेचं नाही,’ असं त्यांना सांगितलेलं असतं आणि ते खरंही आहे, कारण पहिल्या बुडीत प्रशिक्षक पूर्ण वेळ मागून धरून असतो आणि खोली पाच-सात मीटरच्या फारशी पुढे जात नाही. पण ज्याला पोहता येत नाही त्याला समुद्रात सोडणार, हे वाक्य काकांच्या मनात दर पाच मिनिटांनी नव्याने सुरू होतं. ते टाकीकडे बोट दाखवून विचारतात, ‘ऑक्सिजन पुरेल ना?’

टाकीत ऑक्सिजन नसतो. साधी हवा असते, तीही मालवणचीच, कॉम्प्रेसरने दाबून भरलेली. हवेतला एकवीस टक्के ऑक्सिजन टाकीतही एकवीस टक्केच राहतो. नेहमीच्या टाकीत अशी दोन हजार लिटरच्या वर हवा मावते. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो आणि हवाही दुप्पट लागते. घाबरलेल्या माणसाला त्याहून जास्त लागते, पण हे काकांना सांगितलं तर ती आणखी लागेल, म्हणून कोणी सांगत नाही.

यापुढची अडचण मिशीची. पाण्याखाली बघायचा मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसावा लागतो, आणि वरच्या ओठावर केस असले की त्यांतून पाणी झिरपून नाकाशी येतं. जगभरचे मिशाळ डायव्हर त्यावर व्हॅसलीन चोपडतात किंवा मिशीचा वरचा काठ भादरतात. भर होडीत, सासरच्या माणसांदेखत, मिशीचा काठ भादरा असं सुचवण्याची कुणाची छाती होत नाही. व्हॅसलीनवर निभावतं. मग प्रशिक्षक मुखवट्याच्या काचेवर आतून थुंकायला सांगतो, म्हणजे वाफ धरत नाही. काकांना वाटतं आपली चेष्टा चालली आहे. आजूबाजूला सगळेच थुंकताहेत हे पाहून ते नाइलाजाने थुंकतात, पण मान वळवून.

समोर सिंधुदुर्ग उभा असतो. १६६४ साली बांधायला घेतलेल्या या किल्ल्याच्या पायात शिसं ओतलं होतं, असं सांगतात, आणि किल्ला अजून जागेवर आहे. काकांच्याही कमरेला शिशाचे ठोकळे बांधले जातात, कारण फुफ्फुसं भरलेला माणूस रबरी सूट घालून काही केल्या बुडत नाही. जो माणूस तासभर बुडण्याची काळजी करत होता, त्याला बुडवायला दोघांनी मेहनत घ्यावी लागते, हा विरोधाभास त्या क्षणी फक्त होडीवाल्याच्या लक्षात येतो. ‘काका, नाकान नाय हां, तोंडान श्वास घेवा,’ एवढं सांगून तो काकांना पाण्याच्या हवाली करतो.

खाली गेल्यावर पहिली दोन मिनिटं कानांत जातात. दाब वाढतो, दडे बसतात, नाक चिमटीत धरून हळूच फुंकावं लागतं. मग कान मोकळे होतात, डोळे उघडतात, समोरून पिवळ्या पाठीचा, उभ्या काळ्या पट्ट्यांचा एक मासा जातो, आणि काकांना अनपेक्षितपणे फार बरं वाटतं. ते प्रशिक्षकाला अंगठा दाखवतात. डायव्हिंगच्या खुणांत वर केलेल्या अंगठ्याचा एकच अर्थ आहे, मला वर न्या. ‘सगळं ठीक’ सांगायला अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करायचं असतं. हे होडीत दोनदा सांगितलेलं होतं, पण तेव्हा काका ऑक्सिजनचा विचार करत होते. प्रशिक्षक इमानाने त्यांना वर आणतो. काका तोंडातली नळी काढून विचारतात, ‘संपलं?’ मग पुन्हा खाली. उरलेली बुडी काका हाताची घडी घालून करतात, म्हणजे चुकून आनंद व्हायला नको.

व्हिडिओत यातलं काही येत नाही. व्हिडिओत काकांभोवती माशांचा थवा फिरतो, मागे हिंदी सिनेमातलं गाणं वाजतं. थव्याचं रहस्य प्रशिक्षकाच्या मुठीतल्या पावात असतं. पाव चुरला की पट्टेवाले मासे सगळ्या खडकांवरून धावत येतात. हे माशांसाठी चांगलं नाही. पाव हे त्यांचं अन्न नव्हे, आणि फुकटच्या खाण्यामागे लागलेला मासा खडकावरचं शेवाळ कुरतडण्याचं त्याचं काम सोडतो. मालवणच्या समुद्राचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे तर पावाचा प्रश्नच येऊ नये. पण नऊ जणांचं कुटुंब व्हिडिओ बघायला बसल्यावर ‘मासे कुठायत?’ असं विचारणारा एक भाचा असतोच, आणि त्या भाच्याच्या धाकाने पाव पाण्यात जातो.

दुसऱ्या जातीचा डायव्हर हे सगळं होडीच्या टोकाला बसून पाहतो. त्याला नेहमीचा म्हणू. तो शुक्रवारी रात्री पुण्याहून किंवा मुंबईहून निघतो आणि शनिवारी सकाळी डोळे चोळत बंदरावर येतो. त्याच्याकडे स्वतःचा मुखवटा असतो, स्वतःची पावलं असतात, आणि अठरा मीटरपर्यंत जाण्याचा परवाना असतो, जो सात मीटरच्या खडकावर त्याला फारसा उपयोगी पडत नाही. बंदरावरचा संवाद दरवेळी तोच होतो.

‘आज पाणी कसं आहे?’

‘गढूळ आसा.’

‘आणि मासे?’

‘मासे आसत. तेंका दिसता.’

या उत्तराने त्याचं समाधान होतं. अंदमानलाही तो जाऊन आलेला असतो. तिथे अडचण अशी झाली की विमानाचं तिकीट, बोटीचं तिकीट आणि हॉटेल मिळून इतका खर्च झाला की पाण्यात शिरण्याआधीच त्याला थक्क व्हावं लागलं. कासव दिसलं तेव्हा तो थक्क झाला. दुसरं कासव दिसलं तेव्हाही झाला. तिसऱ्या कासवाच्या वेळी त्याला मनातून थोडं दमल्यागत वाटलं, पण बायको बघत होती. मालवणला थक्क होण्याची सक्ती नाही. काही दिसलं नाही तर पाण्याचा दोष, आणि दिसलं तर आपलं कसब. हा हिशेब सर्वस्वी त्याच्या बाजूचा आहे.

शिवाय तीन मीटरच दिसत असलं की माणूस दूरचं बघायचं सोडून देतो. नितळ पाण्यात डोळे सारखे क्षितिजाकडे लागतात, कुठून शार्क येतोय का, कुठून मांटा. इथे क्षितिज हाताच्या अंतरावर आहे, तेव्हा नाक खडकाला लावण्यावाचून गत्यंतर नसतं. नेहमीचा तेच करतो. वीस मिनिटांत पहिल्या जातीचा माणूस जेवढं अंतर कापतो, तेवढं तो पूर्ण हिवाळ्यात कापत नाही.

त्याच्या खडकावर, हाताच्या पंजाएवढ्या एका सपाट जागी, जांभळट ठिपक्यांचा थर दिसतो. ती सार्जंट माशाची अंडी, तोच पावामागे धावणारा पट्टेवाला. मादी अंडी घालून निघून जाते, आणि पुढचे चार-पाच दिवस बाप राखण करतो. या काळात त्याला पाव नको असतो. तो अंड्यांवर कल्ल्यांजवळचे पर हलवून ताजं पाणी फिरवतो, मेलेली अंडी तोंडाने उचलून टाकतो आणि जवळ येणाऱ्या कुणालाही हाकलतो. कुणालाही म्हणजे त्याच्याहून हजारो पट वजनाच्या, टाकी लावलेल्या, फुगे सोडणाऱ्या माणसालाही. बोटभर लांबीचा हा मासा थेट मुखवट्याच्या काचेवर येऊन धडकतो, मागे सरतो, परत येतो. नेहमीचा अर्धा मीटर मागे हटतो. ऑफिसात त्याच्या हाताखाली चाळीस माणसं असतात.

जरा खाली वाळू सुरू होते. तिथे शंखात राहणारे खेकडे. यांचं मागचं अंग मऊ असतं, म्हणून ते मेलेल्या गोगलगायीचा शंख पाठीवर घेऊन हिंडतात, आणि अंग वाढलं की मोठा शंख शोधतात. शास्त्रज्ञांनी यांचा एक प्रकार नोंदवलेला आहे. मोठा रिकामा शंख सापडला की आसपासचे खेकडे उंचीनुसार ओळीत उभे राहतात. सर्वांत मोठा नव्या शंखात शिरतो, त्याने सोडलेल्यात दुसरा, दुसऱ्याने सोडलेल्यात तिसरा, आणि पाच मिनिटांत ओळीतला प्रत्येक जण एक खोली वाढवून घेतो. दादरच्या चाळीत पुनर्विकासाच्या सभा वर्षानुवर्षं चालतात त्या याच गोष्टीसाठी, पण खेकड्यांत अध्यक्ष नसतो. नेहमीच्याला हा सोहळा पूर्ण बघायचा आहे. अजून तो फक्त दोन खेकडे एकमेकांच्या शंखावर टकटक करताना पाहू शकला आहे, आणि तेवढ्यात गाळ उठला.

खडकाच्या कडेला पांढरे, शंकूच्या आकाराचे बार्नेकल चिकटलेले असतात. पावलं घसरू नयेत म्हणून निसर्गाने केलेली सोय, एवढीच बहुतेकांची त्यांच्याविषयी समजूत. प्रत्यक्षात हा कोळंबीचा नातेवाईक. पिल्लू असताना तो मोकळा पोहतो, मग एके दिवशी डोकं खडकाला चिकटवतो, भोवती चुन्याचं घर बांधतो, आणि उरलेलं आयुष्य त्याच जागी उलटं राहून पिसांच्या पायांनी पाण्यातलं अन्न तोंडात ओढतो. चार्ल्स डार्विनने आठ वर्षं, १८४६ ते १८५४, मुख्यतः बार्नेकलच पाहिले. त्यासाठी तो जगाच्या दुसऱ्या टोकाला गेला नाही, इंग्लंडमधल्या आपल्या घरी टेबलाशी बसला. नेहमीच्याला हे माहीत आहे. घरचे ‘पुन्हा मालवण?’ असं विचारतात तेव्हा तो डार्विनचं नाव घेतो. त्याचा उपयोग होत नाही.

एका बाबतीत मात्र त्याच्या बोलण्यावर सावधपणे विश्वास ठेवावा. पाण्यातून काचेआडच्या हवेत येताना प्रकाश वाकतो, त्यामुळे वस्तू आहे त्याच्या पाऊण अंतरावर भासते आणि सुमारे एक तृतीयांशाने मोठी दिसते. म्हणजे डायव्हरने हात पसरून ‘एवढा मासा’ दाखवला तर त्यातला पाव भाग भौतिकशास्त्राचा असतो. बाकीचा त्याचा. रंगांचंही तसंच. पाणी आधी लाल रंग शोषून घेतं, पाचेक मीटरवर लाल सूट काळपट दिसू लागतो. खडकावर बोट कापलं तर रक्त हिरवट दिसतं. तेव्हा ‘तिथे एक राखाडी मासा होता’ हे विधान म्हणजे मासा होता एवढीच खात्री.

मासा कोणता, हा आणखी वेगळा प्रश्न. नेहमीच्याकडे इंग्रजी पुस्तक आहे, त्यात प्रत्येक माशाचं लॅटिन नाव, परांची संख्या आणि खोली दिलेली आहे. होडीवाल्याकडे दुसरी पद्धत आहे. नेहमीचा फोटो दाखवतो, तो क्षणभर बघतो आणि म्हणतो, ‘ह्यो तिकल्याक बरो.’ दुसरा फोटो. ‘ह्येका काटे जास्त.’ तिसऱ्या फोटोत अंगभर पिसाऱ्यागत काटे काढलेला लायनफिश असतो, ज्यासाठी नेहमीच्याने दहा मिनिटांची हवा खर्च केली. होडीवाला फोटो परत देतो. ‘ह्यो जाळ्यात इलो तर हात लावूक नाय.’ दोन्ही पद्धती पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणावर उभ्या आहेत. दुपारी तांबोशी ताटात येते तेव्हा नेहमीचा जरासा थबकतो, कारण सकाळी तिच्या चुलतभावाशी नजरानजर झालेली असते. सोलकढी येईपर्यंत हा संकोच टिकतो.

आपल्या घराजवळच्या मामुली पाण्यावर जीव लावणारा हा एकटाच वेडा नाही. मुळात ज्या यंत्रामुळे हे सगळं सुरू झालं, त्याची पहिली चाचणी कुठल्या निळ्या समुद्रात झाली नाही. जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ च्या जानेवारीत आपलं श्वासयंत्र पॅरिसजवळच्या मार्न नदीत बुडवून पाहिलं. गान्यांने आधी केलेली झडप मोटारीचं इंजिन पेट्रोलऐवजी गॅसवर चालवण्यासाठी होती, युद्धामुळे पेट्रोल मिळत नव्हतं. कडाक्याच्या थंडीत, नदीच्या गार पाण्यात कुस्तो आडवा झाला तर यंत्र चाले, उभा राहिला तर हवा वाया जाई, आणि डोकं खाली केलं तर श्वास मिळेना. ते दुरुस्त झालं, मग ते भूमध्य समुद्राकडे गेले आणि प्रसिद्ध झाले. मार्न नदीकडे कोणी डायव्हिंगला जात नाही.

ब्रिटिशांनी ही परंपरा अधिक निष्ठेने चालवली. लेस्टरशरमध्ये स्टोनी कोव्ह नावाची ग्रॅनाइटची खाण आहे. १९५८ मध्ये दगड काढणं थांबलं, झऱ्यांचं पाणी भरलं, आणि देशभरचे डायव्हर तिथे जाऊ लागले. हिवाळ्यात पाणी चार-पाच अंशांवर असतं. बघण्यासारखं फारसं काही नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी बघण्यासारखं आत टाकलं. हेलिकॉप्टर आहे, विमानाची कॉकपिट आहे, २००० साली बुडवलेली ‘स्टेनगार्थ’ नावाची आख्खी बोट आहे. काठावर पब आहे, आणि अनेकांच्या मते तेच सर्वांत प्रेक्षणीय स्थळ.

याच देशातल्या वास्टवॉटर या इंग्लंडच्या सर्वांत खोल तलावात तळाला काही दिसेना, म्हणून कुणीतरी बागेत ठेवायचे टोपीवाले बुटके पुतळे नेऊन मांडले, लाकडी कुंपणासकट. ते बघायला लोक इतके खोल जाऊ लागले की जीव गेले, आणि पोलिसांच्या पाणबुड्यांनी ती बाग उचलली. नंतर वदंता पसरली की नवी बाग मांडली गेली आहे, पन्नास मीटरच्या जरा खाली, कारण नियमानुसार पोलिसांना पन्नास मीटरपलीकडे जाता येत नाही. कायद्याचा इतका बारीक अभ्यास पुतळ्यांसाठी क्वचितच कुणी केला असेल.

नेदरलँड्समध्ये ऑस्टरस्खेल्डे नावाचा धूसर, थंड फाटा आहे, तिथे वसंतात माकुलं अंडी घालायला येतात, आणि डच डायव्हर त्यांच्यासाठी तळाशी काठ्या रोवून ठेवतात, म्हणजे अंडी लटकवायला सोय होते. फ्लोरिडात ब्लू हेरॉन ब्रिज नावाचा वाहत्या रस्त्याचा पूल आहे. त्याच्याखाली, घराचे दोन मजलेही भरणार नाहीत एवढ्या खोलीत, भरतीच्या थांबलेल्या पाण्याची वेळ गाठून लोक उतरतात आणि समुद्रघोडे शोधतात. वरून ट्रक जात असतात.

मालवणकरांनाही ब्रिटिश युक्ती पटलेली दिसते. जानेवारी २०२४ मध्ये नौदलातून निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ ही युद्धनौका निवतीजवळच्या समुद्रात बुडवून पर्यटकांना दाखवण्याची योजना एमटीडीसीने हाती घेतली. रणगाडे किनाऱ्यावर उतरवण्यासाठी बांधलेल्या नौकेवर आता काकांना उतरवायचं आहे. नेहमीच्याचं यावर मत असं की बोट येऊ दे, गर्दी तिकडे जाईल, खडक मोकळा राहील.

खरं तर मामुलीपणाची स्पर्धा लावली तर मालवणही हरेल. मुंबईच्या समुद्राकडे बघून त्यात उतरावंसं कुणाला वाटत नाही, पण ओहोटीला हाजी अलीच्या किंवा कार्टर रोडच्या खडकांत ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नागरिकांच्या गटाबरोबर २०१७ पासून माणसं वाकून हिंडत आहेत. त्यांना तिथे ऑक्टोपस, समुद्रफुलं, रंगीत कवचहीन गोगलगायी सापडल्या. वरळी आणि हाजी अलीला तर प्रवाळ निघाले, आणि सागरी किनारा रस्त्याच्या कामासाठी २०२० मध्ये त्यांच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या. ज्या पाण्यात मुंबईकर गणपतीखेरीज कुणाला उतरवायला तयार नसतो, त्यात प्रवाळ बिनतक्रार राहत होते, आणि त्यांनाही शेवटी रस्तारुंदीने हलवलंच.

मे संपला की किनाऱ्यावरचे जलक्रीडेचे खेळ बंद होतात. जूनच्या पहिल्यापासून जुलैअखेर यांत्रिक मासेमारीही बंद. नद्या लाल होऊन समुद्रात येतात आणि तीन मीटरचे तीन सेंटिमीटर होतात. या चार महिन्यांत नेहमीचा घरात त्रासदायक वागतो. बादलीत मुखवटा बुडवून गळतो का बघतो. हवामानखात्याचे नकाशे विनाकारण उघडतो. नारळी पौर्णिमेला त्याच्या घरी नारळीभात होतो तेव्हा तो कोळ्यांपेक्षा मनापासून समुद्र शांत होण्याची प्रार्थना करतो, आणि दुसरी वाढी घेतो.

त्याची खरी संपत्ती म्हणजे नोंदवही. प्रत्येक बुडीची तारीख, खोली, वेळ, पाण्याचं तापमान, किती अंतरावरचं दिसलं, आणि काय दिसलं. शेवटी सोबत्याने सही करायची, कारण डायव्हिंग नेहमी जोडीने करायचं असतं. सहीच्या वेळी भांडण ठरलेलं. दोघं पूर्ण वेळ एकमेकांपासून हाताच्या अंतरावर होते, आणि त्यांनी दोन निरनिराळे समुद्र पाहिलेले असतात. एकाला वाळूत पाकट दिसलं, चांगलं ताटाएवढं, एक कडा हलत होती. दुसरा म्हणतो पाकट कसलं, ती लेप होती, पाकटाला शेपूट असतं. पहिला म्हणतो शेपूट वाळूत होतं. पुस्तक निघतं, मोबाइलवरचा फोटो मोठा केला जातो, त्यात हिरव्या रंगावर गडद हिरवा डाग दिसतो. खानावळीत तिसरी सोलकढी येते. प्रकरण होडीवाल्याकडे जातं.

तो फोटो उलटासुलटा करून पाहतो. ‘ता खडकाच्या उजवेक? वाळयेत?’

‘हो, तिथेच.’

‘ता दिवाळीपासून थंयच आसा. ताडपत्रेचो तुकडो.’

थोडा वेळ कुणी बोलत नाही. मग पहिला वही ओढतो आणि ‘दिसले’ या रकान्यात लिहितो, पाकट. दुसरा म्हणतो, निदान प्रश्नचिन्ह तरी घाल. पहिला घालतो, दुसरा सही करतो, आणि दोघं होडीवाल्याला विचारतात की उद्या सकाळी सातची होडी मिळेल का, त्याच जागी, जरा उजवीकडे.